आधी पळी विचारा

जळगावच्या एका ताईंनी विचारलं आहे. घरात सासरे माळकरी, नणंद जैन घरात दिलेली, आणि मुलाला नान-पनीर सोडून दुसरं काही नको. लग्नाच्या वाढदिवसाला सगळे एका पंजाबी हॉटेलात गेले. पनीर टिक्का आला, सासऱ्यांनी पहिला तुकडा तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. ‘याला वास येतोय’ एवढंच म्हणाले आणि उठेपर्यंत नुसतं ताक पीत बसले. ताईंचा प्रश्न असा की अशा ठिकाणी शाकाहारी माणसांनी जावं का, आणि गेलंच तर काय मागवावं?

ताई, जरूर जा. पण आधी एक सांगतो, सासऱ्यांना आलेला वास खरा होता. मी सव्वीस वर्षं पंजाबी किचनमध्ये उभा आहे. भुसावळला मसाला वाटायला पोऱ्या म्हणून लागलो, धुळ्याजवळ हायवेवर एका सरदारजींच्या हाताखाली तंदूर शिकलो, आता जळगावात किचन सांभाळतो. तो वास कुठून येतो हे मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या आईच्या गळ्यातही माळ होती. बरीच वर्षं झाली, तेव्हा मी जिथे कामाला होतो तिथे तिला एकदा हौसेने जेवायला घेऊन आलो. तिने मेनूकार्ड उघडलंसुद्धा नाही. सरळ आत आली आणि विचारलं, ‘तुझी पळी कोणती?’ मला समजेना. तिने ग्रेव्हीच्या टोपातल्या पळीकडे बोट दाखवलं. ‘ही कोंबडीच्या कढईत जाते का रे?’ जात होती. तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. तिला तिथे न जेवताच घरी नेलं आणि पिठलं-भाकरी करून वाढली. त्यानंतर ज्या ज्या किचनची जबाबदारी माझ्याकडे आली तिथे दोन पळ्या ठेवल्या. लाकडी मुठीची शाकाहारी भाज्यांना, सगळी लोखंडी ती दुसरीकडे. नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला हेच शिकवतो, कांदा कसा चिरायचा ते नंतर.

आईचा प्रश्न इतका नेमका का होता, ते पंजाबी किचन कसं चालतं हे कळल्यावर समजेल. कार्डावर पन्नास-साठ भाज्या छापलेल्या असतात. आत ग्रेव्ह्या चारच. लाल म्हणजे मखनी, तिच्यात टोमॅटो, काजू, मगज (म्हणजे सोललेल्या टरबूज-खरबुजाच्या बिया), लोणी आणि शेवटी चुरलेली कसुरी मेथी. दुसरी तपकिरी, परतलेला कांदा, टोमॅटो आणि आलं-लसणाची, कढाई आणि दो प्याजा तिच्यातून निघतात. तिसरी पांढरी, उकडलेला कांदा, काजू आणि मगज वाटून केलेली, ती शाही पनीर, मलई कोफ्ता आणि मेथी मटर मलईला लागते. चौथी पालकाची हिरवी. सकाळी अकराच्या सुमाराला आणि पुन्हा दुपारी चारला हे टोप भरले जातात. ऑर्डर आली की कारागीर कढईत लोणी टाकतो, वरून दोन पळ्या ग्रेव्ही, मग त्यात पनीर जातं नाहीतर चिकन. दोन मिनिटांत भाजी खिडकीवर.

म्हणजे पनीर बटर मसाला आणि बटर चिकन एकाच टोपातून निघतात. त्याला कारणही आहे. फाळणीनंतर पेशावरकडून दिल्लीत आलेल्या लोकांनी तंदूर हॉटेलात रुजवला, तंदुरी कोंबडी लोणी-टोमॅटोच्या रश्श्यात घालायला सुरुवात केली, आणि तोच रस्सा पुढे पनीरला लागला. ग्रेव्हीत स्वतः मांस नसतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. चिकनचं पाणी घालून मखनी करणारा कारागीर मला सव्वीस वर्षांत भेटलेला नाही. बिघडतं ते पळीने. चिकनच्या कढईत ढवळलेली पळी परत टोपात जाते, आणि पुढच्या पनीरला त्याच टोपातली ग्रेव्ही मिळते. शांत वेळी सांभाळणारा कारागीर रविवारी रात्री नऊनंतर सांभाळेलच असं नाही. खिडकीवर पंधरा केओटी, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठ्या, लटकलेल्या असतात, वेटर ओरडत असतो आणि हात आपोआप जवळच्या पळीकडे जातो.

म्हणून व्हेज-नॉनव्हेज एकत्र असलेल्या ठिकाणी जायचं तर साडेसातला जा, नऊला नको. वारही बघा. रविवार, बुधवार, शुक्रवार हे आपल्याकडे मटण-कोंबडीचे वार. सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला तीच कढई बहुतेक पनीर-डाळीतच फिरत असते. आषाढ संपत येतो, श्रावण लागायला चार-पाच दिवस उरतात, तेव्हा तर अशा ठिकाणी शाकाहारी माणसाने जाऊच नये. त्या रात्री आमच्या किचनमध्ये काय धांदल असते ते मी पाहतो.

आता तुमच्या टिक्क्याकडे येतो. टिक्क्यात ग्रेव्हीच नसते, त्यामुळे तिथे पळीचा दोष नाही. दोष तंदूरचा. तंदूर म्हणजे निखाऱ्यांवरची मातीची कोठी. चिकनच्या सीखा आत उभ्या केल्या की चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिचा धूर होतो, आणि तो धूर त्याच कोठीत फिरतो. मागोमाग पनीरची सीख आत गेली की तोच धूर पनीर पितं. पनीर वास फार लवकर ओढून घेतं. त्यातून एक गोष्ट बाहेर कुणाला दिसत नाही. सीख अर्धी भाजल्यावर तिला लोणी लावायचा ब्रश असतो. बऱ्याच किचनमध्ये तो एकच असतो, आधी चिकनला, मग पनीरला. तुमच्या सासऱ्यांनी तुकडा खाली ठेवला तो बहुधा या दोनांपैकी एका कारणाने.

मोठ्या हॉटेलात दोन तंदूर असतात, एक रोटीचा आणि एक सीखांचा. कॅप्टनला सरळ विचारा, ‘रोटीचा तंदूर वेगळा आहे का?’ हो म्हणाला तर नान, रोटी, कुलचा बिनधास्त मागवा. एकच असेल तर माळकरी माणसाला तव्यावरचा फुलका किंवा रुमाली द्या. रुमाली उलट्या कढईच्या पाठीवर भाजतात, तिचा तंदूरशी संबंध येत नाही. पनीर टिक्काही तव्यावर करून देतात, तसं सांगावं लागतं. धुराची चव येत नाही, पण सासरे जेवतील.

नानबद्दल अजून एक. मैदा, दही, दूध, थोडी साखर आणि खमीर एवढ्यात नान उत्तम होतो. तरी काही कारागीर मऊपणासाठी पिठात अंडं घालतात. खाताना ते ओळखू येत नाही. आपल्याकडच्या नियमात अंडं मांसाहारातच धरलेलं आहे, त्यामुळे पाकिटबंद मालावर ते दिसतंच. हिरव्या चौकोनात हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. हॉटेलात मळलेल्या पिठावर असं चिन्ह कुठून येणार? ‘नानच्या पिठात अंडं घालता का?’ हे तोंडानेच विचारावं लागतं. तंदुरी रोटी गव्हाच्या पिठाची असते, तिच्यात हा प्रश्न सहसा येत नाही.

तळणीची कढई हा तिसरा धोका, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. हराभरा कबाब, मलई कोफ्त्याचे गोळे, पकोडे, अगदी मसाला पापडाचा पापडसुद्धा ज्या तेलात तळला जातो त्यातच चायनीजवाला चिकन लॉलीपॉप सोडत असतो. तेल किती वेळ वापरावं याचा नियम आहे. त्यातले खराब झालेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. पण त्यात आधी काय तळलं याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. मिश्र हॉटेलात सासऱ्यांसाठी तळलेलं काही मागवू नका. पापड भाजून मागा.

सूप आणि बिर्याणीबद्दल थोडक्यात. पंजाबी बाजूचा टोमॅटो शोरबा सहसा ठीक असतो. यखनी हा शब्द दिसला की पान उलटा, यखनी म्हणजे मांसाचं पाणी. व्हेज बिर्याणी मी स्वतः मिश्र हॉटेलात कधी खात नाही. भात वेगळा उकडलेला असतो हे खरं, पण कोंबडीच्या दमातला वरचा रंगीत भात काढून व्हेजच्या प्लेटवर पसरलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्या दिवशी त्या कारागिराशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. जिरा राईस मागवा, मटार पुलाव मागवा. तो ऑर्डर आल्यावर कढईत परततात.

आता नणंदेचं. जैन जेवण सासऱ्यांच्या जेवणाहून अवघड, कारण कांदा-लसूण मुळात त्या टोपांमध्येच शिजलेला असतो. वेटरला ‘यामा कांदा शे का?’ विचारलं तर तो नाही म्हणून मोकळा होतो, कारण त्याच्या लेखी कांदा म्हणजे वरून घातलेला कापलेला कांदा. ‘जैन करून देतो’ याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी एवढाच असतो की तीच ग्रेव्ही, वरून कांदा नाही. म्हणून प्रश्न फिरवून विचारा. ‘तुमची जैन ग्रेव्ही कशाची असते?’ टोमॅटो, काजू, मगज आणि दाटपणाला दुधी नाहीतर कोबी असं उत्तर आलं तर कारागीर जाणता आहे. ‘कांदा काढून देतो’ असं आलं तर नणंदेसाठी तिथे फक्त दही, फुलका आणि जिरा राईस.

याहून चांगला उपाय म्हणजे चारच्या आधी फोन करणं. संध्याकाळचे टोप चारला चढतात, तेव्हा सांगितलं तर जैन ग्रेव्ही छोट्या कढईत वेगळी शिजवणं आम्हाला जड जात नाही. आठ वाजता सांगितलं तर जमत नाही, कितीही मनात असलं तरी. नणंद कडक पाळणारी असेल तर बटाटा, गाजर, ओलं आलंही चालणार नाही, आणि सूर्यास्तानंतर जेवणार नाही. मग दुपारच्या जेवणालाच जा, उगाच तिला रात्री सगळ्यांच्या ताटांकडे बघत बसवू नका. कोफ्त्यात बटाट्याऐवजी कच्चं केळं घालायला सांगा. रावेर-यावलच्या केळ्यांच्या मुलखात राहून हे मागायला संकोच कसला? कच्च्या केळ्याचा कोफ्ता बटाट्याच्या कोफ्त्यापेक्षा हलका होतो आणि ग्रेव्हीत फुटत नाही. आता जैन नसलेले पाहुणेही माझ्याकडे तो मागून घेतात.

सासरे चातुर्मास पाळत असतील, म्हणजे कांदेनवमीनंतर कांदा-लसूण सोडत असतील, तर त्या चार महिन्यांत त्यांनाही नणंदेच्याच कढईतलं द्या. त्यासाठी वेगळा फोन करावा लागत नाही.

पनीरचं मात्र मनापासून बोलायचं आहे. शाकाहारी कुटुंब पंजाबी हॉटेलात गेलं की चार भाज्यांपैकी तीन पनीरच्या असतात, आणि तिन्ही एकाच लाल टोपातल्या. नाव वेगळं, वरची मलई वेगळी, चव तीच. उत्तर भारतातलं शाकाहारी जेवण एवढंच नाही हो. पंजाबी घरात रोज पनीर शिजत नाही. तिथे राजमा असतो, कढी असते, छोले असतात, हिवाळ्यात सरसोंचा साग असतो, आणि असते काळ्या उडदाची डाळ. त्या डाळीला तिकडे माँ की दाल म्हणतात. तो माँ आईचा नव्हे, माष म्हणजे उडीद, त्या शब्दावरून आलेला. आपण कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर काळा उडीद दळतो, म्हणून मला वाटतं दाल मखनी खानदेशी माणसाला कुठल्याही पनीरपेक्षा लवकर आपली वाटते. तिच्यात अख्खा उडीद आणि मूठभर राजमा असतो. चांगल्या किचनमध्ये रात्री तंदूर विझायला आला की त्याच्या उरलेल्या आचेवर ती हंडी ठेवून देतात, सकाळपर्यंत ती आपोआप मिळून येते. ती टोपातल्या ग्रेव्हीत होत नाही, तिची हंडी वेगळी, पळी वेगळी. मिश्र हॉटेलातही शाकाहारी माणसाने डोळे झाकून मागवावी अशी हीच एक गोष्ट आहे. कांदा-लसूण मात्र तिच्यात असतो, जैन माणसाला विचारूनच द्यावी.

बैंगन भर्ता मात्र आपल्या माणसाला मी सुचवत नाही. चंपाषष्ठीनंतर पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, आरावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत ज्याने खाल्लं आहे, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घातलेलं, त्याला टोमॅटोत शिजवलेला तो भर्ता गोडसर लागतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही.

पनीर मागवायचंच असेल तर ते दुधाचं आहे ना, एवढं बघा. बाजारात वनस्पती तेलापासून केलेलं पनीरासारखं दिसणारं अॅनालॉग मिळतं, स्वस्त असतं, आणि पाकिटावर ते अॅनालॉग असल्याचं लिहावं लागतं. पण तुमच्या ताटात पाकीट येत नाही. खरं पनीर बोटांत दाबलं की भुगा होतो आणि दुधाचा मंद वास देतं. दुसरं रबरासारखं ताणतं आणि बोटाला तेलकट लागतं. लोक आयोडीनचा थेंब टाकून निळं होतंय का बघतात, पण त्याने फक्त पिठूळ भेसळ कळते, तेलाचं पनीर कळत नाही. शाकाहाराच्या दृष्टीने दोन्ही चालतात, हेही सांगतो. दूध फाडायला लिंबू किंवा सायट्रिक अॅसिड वापरतात, चीजसारखं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध गोठवणारं) पनीरला लागत नाही. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाची पूर्वी काळजी असायची, आता २०१६ पासून वर्ख करताना प्राण्यांपासूनची कुठलीही वस्तू वापरायला बंदी आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती पंजाबी नाही, पण टेबल तेच. पंजाबी नको म्हणून पुष्कळ माळकरी लोक त्याच हॉटेलात शेवभाजी मागवतात, आपली म्हणून, विश्वासाने. आपला काळा रस्सा शेवभाजीलाही तोच आणि मटणालाही तोच, भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, लसूण आणि काळा मसाला. मिश्र हॉटेलात हे वाटण एकत्रच होतं, आणि शेवभाजीवर छान दिसावी म्हणून मटणाच्या पातेल्यावरची तर्री घातलेली मी पाहिली आहे. माझा जीव सगळ्यात जास्त इथे तुटतो, कारण पनीर टिक्क्यापाशी माणूस सावध असतो, शेवभाजीपाशी नसतो. शेवभाजी खायची तर शुद्ध शाकाहारी ठिकाणीच खा. जळगाव, धुळे, भुसावळ, तिन्हीकडे अशी ठिकाणं भरपूर आहेत.

खरं तर तुमच्या सगळ्या कुटुंबासाठीही मी शुद्ध शाकाहारी पंजाबी हॉटेलच सांगेन. तिथे पळीची, धुराची आणि तेलाची काळजी संपते, उरतो तो फक्त नणंदेचा कांदा-लसूण. पण मुलाचा हट्ट असेल, किंवा पाहुण्यांमुळे मिश्र ठिकाणी जावं लागलं, तर गुरुवारी दुपारी जा, आदल्या दिवशी फोन करून जैन ग्रेव्ही सांगून ठेवा. कॅप्टनला बसल्या बसल्या म्हणा, ‘आमच्यात एक माळकरी आहेत, कढई घासून घ्या आणि पळी वेगळी ठेवा.’ आपल्याकडे माळकरी हा शब्द ऐकला की किचनमधली माणसं सावध होतात. माझ्या हाताखाली मुसलमान कारागीर होते, बिहारचे होते, पण माळेची ऑर्डर आली की कुणी कधी हयगय केली नाही.

मागवायचं असं. सासऱ्यांना दाल मखनी, तव्यावरचे फुलके, जिरा राईस, भाजलेला पापड. नणंदेला वेगळ्या तेलात तळलेला कच्च्या केळ्याचा कोफ्ता जैन ग्रेव्हीत, आणि फुलके. मुलाला अंडं नसलेला बटर नान आणि पनीर बटर मसाला, एकच प्लेट, तीही घासलेल्या कढईतली. तुम्हाला आणि यजमानांना छोले किंवा कढी-पकोडा, ज्या दिवशी असेल ते. टिक्का हवाच असेल तर तव्यावरचा. आणि सासऱ्यांना ताक शेवटी मागवा, यावेळी जेवण झाल्यावर.